राजाच्या फाटकाशी भाड्याच्या तलवारी

२ मे १७८९, शनिवार

सगळ्या तलवारी गेल्या. सकाळी दहाच्या आत! तीन गंजक्या उरल्या होत्या, त्याही दुपारी गेल्या. एकजण तक्रार घेऊन परत आला — म्यानातून निघतच नाही म्हणे. म्हटलं, राजवाड्यात ती निघू नये म्हणूनच तशी ठेवलीय.

राजाने मोठी सभा बोलावलीय, त्यामुळे व्हर्सायमध्ये गावोगावचे लोक येऊन पडलेत. येतात आणि नियम विचारून डोकं खातात. तलवार कमरेला, टोपी काखेत, की जा आत आणि बघा राजाला जेवताना. भिकारी नको, मठातला साधू नको, कुत्रा नको, नुकतीच देवी येऊन गेलेला नको. बायकांना तलवार लागत नाही. झालं! एकोणतीस वर्षं मी हेच सांगतोय आणि एकोणतीस वर्षं लोक विचारतात, "पण मी तर साधा न्हावी आहे, चालेल?" अरे, असशील न्हावी. तलवार लावलीस की न्हावी नाहीस.

संध्याकाळी केरुआर साहेबांच्या हातात अर्ज दिला. फाटकावरचा सगळा कारभार त्यांच्याकडे. अर्जात एकच मागणी — माझ्यामागे हा तलवारींचा गाळा माझा मुलगा सिल्व्हँ याला मिळावा. पोरगा आठ वर्षं पॅरिसला राजाच्या रक्षक पलटणीत आहे. आई गेली तेव्हाही दोनच दिवस आला होता. गाळा नावावर झाला तर घरी येईल. माझी दुसरी काही इच्छा नाही. साहेब म्हणाले, बघू.

१० मे, रविवार

वरची खोली सभेच्या एका सभासदाला दिलीय. वकील कार्बोनेल. डोंगराळ मुलखातला, उंचीने बेताचा, आवाजाने नव्हे. सामान्य लोकांचा प्रतिनिधी, म्हणून सरकारी हुकमाप्रमाणे काळे कपडे आणि तलवार नाही. तलवार फक्त सरदारांच्या प्रतिनिधींना.

आज तो राजाला जेवताना बघायला निघाला. पहारेकऱ्याने अडवला — तलवार कुठाय? आला माझ्याकडे. मी म्हणालो, तुम्हाला देता येत नाही, तुम्ही प्रतिनिधी आहात.

"म्हणजे मी न्हावी असतो तर आत गेलो असतो?"

"हो."

"आणि अख्ख्या प्रांताने निवडून पाठवला म्हणून जाऊ शकत नाही?"

"हो."

मी त्याच्या भल्यासाठी सुचवलं, काळे कपडे उतरवा आणि न्हावी म्हणून जा. तर राग आला त्याला. रात्री जेवायला खाली उतरला नाही. माझी बहीण उर्स्युल सूप वर घेऊन गेली आणि तासभर त्याची गाऱ्हाणी ऐकून आली. आता म्हणते, दादा, माणूस खरं बोलतोय. बोलत असेल. नियमात खऱ्याखोट्याचा प्रश्न येतो कुठे?

६ जून

थोरले युवराज गेले. सात वर्षांचं पोर. दरबारी सुतक, म्हणून तलवारींच्या मुठी काळ्या करायच्या. दिवसभर काजळी आणि तेल. माझ्याकडून तलवार नेलेल्या प्रत्येकाचा उजवा हात काळा. राजवाड्यातले दरवाजे, पडदे, एका मार्क्विसबाईची बाही — सगळीकडे पंजे उमटले. केरुआर साहेबांनी बोलावून झापलं. अर्जाचं विचारायचं राहिलं.

२० जून, शनिवार

वकील नखशिखांत भिजून आला. सभेच्या दालनाला कुलूप होतं म्हणे. मग हे सगळे जण पावसात चालत चेंडू खेळायच्या हॉलमध्ये गेले आणि तिथे शपथ घेतली की देशाची राज्यघटना केल्याशिवाय फुटणार नाही. मी विचारलं, पण कुलूप का होतं? म्हणाला, सुतार काम करत होते असं सांगितलं. शक्य आहे. सुतार इथे नेहमीच काही ना काही करत असतात.

उर्स्युलने त्याचे कपडे चुलीपाशी वाळत घातले. सामान्य लोकांच्या प्रतिनिधीचे पायमोजे दोन ठिकाणी फाटलेले आहेत.

१३ जुलै

पॅरिसहून टपालगाडी नाही.

१५ जुलै, बुधवार

आली गाडी. काल पॅरिसमध्ये लोकांनी बास्तीलचा तुरुंगाचा किल्ला घेतला. तोफा लोकांकडे कुठून आल्या? राजाच्या रक्षक पलटणीने ओढून आणल्या. गाडीवान हे सगळं मजेत सांगत होता. मी विचारलं, सगळी पलटण? तो म्हणाला, जवळजवळ सगळी.

'जवळजवळ' या शब्दाला धरून बसलोय.

१९ जुलै, रविवार

सिल्व्हँची चिठ्ठी. दोन ओळी. 'बाबा, मी ठीक आहे. आम्ही लोकांवर गोळी झाडली नाही, तुम्हीही झाडली नसती.' म्हणजे 'जवळजवळ'ने वगळलेल्यांत तो नव्हता.

माझ्या अर्जात लिहिलंय, 'मुलगा पॅरिस येथे राजाच्या सेवेत एकनिष्ठपणे रुजू.' अर्ज परत मागावा तर कारण सांगावं लागेल. न मागावा तर खोटं तसंच पडून राहील. नाही मागितला.

२६ जुलै, रविवार

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला नाही म्हणता येणार नाही.

दुपारी गाळ्यावर होतो. केरुआर साहेब शेजारी उभे, लोकांच्या टोप्या तपासत. समोरून तीन शिपाई आले. पलटणीचा कोट तोच, पण छातीवर तांबडी-निळी-पांढरी फीत. मधला सिल्व्हँ. बारीक झालाय. डोक्याला जखमेची पट्टी, टोपी नाही.

"बाबा," म्हणाला.

केरुआर साहेबांनी विचारलं, "कोण रे हा?"

मी म्हणालो, "माहीत नाही साहेब. टोपी नाही त्याच्याकडे."

सिल्व्हँने ऐकलं. मित्रांना म्हणाला, चला, आणि तिघं आल्या वाटेने परत गेले. साहेबांनी तपकीर ओढली. त्यानंतर मी एका माणसाला दोन तलवारी बांधल्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्यानेच सांगितलं तेव्हा कळलं.

मला लाज वाटते आहे.

२७ जुलै

उर्स्युलला गाडीवानाकडून कळलं. "दादा, पोटच्या पोराला ओळखत नाही म्हणालास? एका गाळ्यासाठी?" मी म्हणालो, गाळा त्याच्यासाठीच मागतोय ना. ती म्हणाली, "ज्याला ओळखत नाहीस त्याच्यासाठी?" आणि ताट आपटलं.

३ ऑगस्ट

ती आठ दिवस बोलत नाहीये. सूप मात्र देते. बेचव.

५ ऑगस्ट, बुधवार

वकील दुपारपर्यंत झोपला होता. उठल्यावर रडायला लागला. आनंदाने. रात्री सभेत सरदारांनी आपणहून हक्क सोडले म्हणे — शिकारीचे, कबुतरखान्याचे, वेठीचे. मग चढाओढच लागली. एकाने आपला हक्क सोडला, की दुसरा उठून त्याच्या शेजाऱ्याचा सोडायचा! बिशपांनी शिकार सोडली, शिकाऱ्यांनी चर्चचा वाटा सोडला. पहाटेपर्यंत कोणाकडे काही उरलं नाही.

"विकत घ्यायची पदं गेली, वारशाची पदं गेली," असं म्हणत डोळे पुसत होता.

मी विचारलं, माझा गाळा?

त्याने विचार केला. "ते पद आहे का?"

म्हटलं, मीही तेच केरुआर साहेबांना विचारतोय. त्यावर त्याने मला मिठी मारली. का, ते कळलं नाही.

२८ ऑगस्ट

आज तीन तलवारी गेल्या. एक परत आली नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार

शेवटी केरुआर साहेबांनी अर्ज उघडला. चांगला आहे म्हणाले. फक्त मुलाच्या वर्तणुकीचा दाखला हवा, पलटणीच्या सहीशिक्क्याचा. बाहेर येतो तो फाटकावर चर्चा — राजाने ती पलटण आजच बरखास्त केली. परत आत गेलो. सांगितलं, साहेब, पलटणच नाही आता.

साहेब म्हणाले, "मग बरखास्त होण्याआधीच्या तारखेचा आणा."

पलटणीतले बहुतेक शिपाई आता पॅरिस शहराच्या नव्या फौजेत गेलेत. सिल्व्हँ तिथेच असणार. मी पत्र लिहिलं. फाडलं. बापाने ओळख दाखवली नाही त्याच्याकडे दाखला मागायचा? पुन्हा लिहिलं, दाखल्याचं न लिहिता. काय लिहावं सुचेना. 'जखम बरी झाली का' एवढंच लिहून पाठवलं.

१३ सप्टेंबर, रविवार

पावाचे हाल. उर्स्युल पहाटे चारला रांगेत उभी राहते. आज रांगेतच दंगा झाला. पाववाल्याने पांढरा पाव श्रीमंतांसाठी वेगळा ठेवला आणि बाकीच्यांपुढे काळा दगड टाकला. लोकांनी त्याच्या गळ्यात दोर घातला. शिपाई वेळेवर पोचले म्हणून वाचला.

घरी येऊन ती गुडघ्यावर हात ठेवून बसली. म्हणाली, "मी दोर धरला नाही, दादा. पण त्याला सोडा, असंही म्हणाले नाही."

आमच्या उर्स्युलने आजवर कोंबडी मारलेली नाही. शेजारीण मारून देते. मी काळा पाव सूपमध्ये भिजवला. अर्धा तास लागला.

२२ सप्टेंबर

सिल्व्हँचं उत्तर. 'बरी झाली.' दोन शब्द. तरी तीनदा वाचलं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

काल राजवाड्यातल्या नाट्यगृहात अंगरक्षकांनी राजाने सीमेवरून नुकत्याच बोलावलेल्या पलटणीला मेजवानी दिली. शंभर-दोनशे माणसं, दारू, गाणी. लोकांची तिरंगी फीत पायाखाली तुडवली म्हणतात. मी पाहिलं नाही. पण आज सकाळी अकरा अंगरक्षक टोप्या विसरले म्हणून माझ्याकडे टोप्या मागायला आले. उर्स्युल म्हणाली, रांगेत आज फक्त याच जेवणाची गोष्ट होती. काय काय होतं ताटात, तेही बायकांना पाठ होतं.

५ ऑक्टोबर, सोमवार. गाळ्यात बसून.

घरी जाता येत नाही. फाटकं बंद केलीत आणि मी आतल्या बाजूला राहिलो.

दुपारी चारच्या सुमारास पॅरिसच्या बायका आल्या. मासळीबाजारातल्या, धुणं धुणाऱ्या, काही टोपी घातलेल्या बऱ्या घरच्याही. हजारोंनी! चिखलात सहा तास चालत, भर पावसात. पाव द्या म्हणतात. आणि राजा पॅरिसला येऊन राहू दे. कोणीतरी राजाला शिकारीवरून बोलावून आणलं.

पहारेकरी माझ्याकडे धावत आला — ब्रिदू, नियम काय? मी सांगितलं, बायकांना तलवार लागत नाही. तो म्हणाला, पण त्यांच्याकडे आहेत! खरंच होत्या. तलवारी, भाले, सुरे, एकीच्या हातात झाडू. नियमात बायकांनी तलवार आणू नये असं कुठेच नाही. कोणाला सुचलंच नव्हतं.

पाच-सहा जणींना राजाकडे नेलं. एक पोर तर राजाला बघून घेरी येऊन पडली. राजाने तिला दारू पाजली, गहू देतो म्हणाला. बाहेर आल्यावर बाकीच्यांनी त्याच पोरीला धरलं — कागदावर सही कुठाय? बरोबर विचारलं. मी पाच महिने एका सहीसाठी थांबलोय.

पाऊस थांबत नाही. बायका शेकोटीवर एक मेलेला घोडा भाजतायत. वास इथपर्यंत येतोय.

६ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री पॅरिसची फौज आली. हजारो लोक, ढोल वाजवत. जुन्या रक्षक पलटणीतल्या शिपायांनी बाहेरचे पहारे मागून घेतले. आतले पहारे अंगरक्षकांकडेच राहिले.

पहाटे साडेपाच ते सहा — काही लिहीत नाही.

सहाच्या सुमाराला प्रार्थनामंदिराच्या चौकातलं छोटं फाटक उघडं सापडलं. गर्दी तिथून आत घुसली, जिन्यावरून थेट राणीच्या दालनापर्यंत. राणी अनवाणी राजाकडे पळाली म्हणतात. दोन अंगरक्षक मारले गेले. त्यातला उंच तो रोज सकाळी मला विचारायचा, "काय ब्रिदू, आज किती सरदार बनवायचे?" त्याचं डोकं भाल्यावर बघितलं. मी गाळ्याची फळी लावून घेतली आणि खाली बसलो. 

मग पॅरिसच्या शिपायांनीच उरलेल्या अंगरक्षकांना वाचवलं. राजा सज्जात आला. लोक ओरडले, पॅरिसला चला! आणि राजा म्हणाला, येतो. असं, एवढंच. शंभर वर्षांपासून राजे इथे, आणि एका सकाळी 'येतो'.

दुपारी दीडला गाड्या निघाल्या. पुढे गव्हाच्या गाड्या, संगिनींवर पाव खोचलेले, तोफांवर बसलेल्या बायका, मध्ये राजाची गाडी. सिल्व्हँ गाडीच्या डाव्या अंगाला चालत होता. फाटकाशी आल्यावर त्याने माझ्याकडे बघून टोपी काढली. मीही काढली.

उर्स्युल गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत पोचली होती. "मिटलं वाटतं भांडण?" म्हणाली. "कधी भेटलास त्याला?"

मी म्हणालो, गर्दी बघ किती.

७ ऑक्टोबर

दोन तलवारी गेल्या. दोन्ही माणसांना माहीत नव्हतं की राजा इथे नाही. मीही सांगितलं नाही. रिकामी दालनं बघून आले, चांगलं आहे म्हणाले.

८ ऑक्टोबर, गुरुवार

चौकशी सुरू. फाटक कोणी उघडलं? किल्ल्या अकरा जणांकडे असतात. माळी, दिवेवाले, पाणके, मी — रोज सकाळी तलवारी आत आणायला तेच फाटक लागतं. केरुआर साहेबांनी एकेकाला बोलावलं. दिवेवाल्याला तर दोन तास उभा ठेवला. त्याच्या बायकोने राजवाड्यासमोर रडून आकांत केला.

फाटकावर ज्याची त्याची वेगळी कहाणी. इंग्रजांचं सोनं. कुठल्या तरी ड्यूकचं सोनं. फितूर माळी. वकील कार्बोनेल म्हणाला, "किल्ली शोधताय कशाला? ते फाटक राष्ट्राच्या इच्छेने उघडलं." आणि वहीत लिहून घेतलं. सभेत बोलणार आहे हे वाक्य.

मला कोणी बोलावलं नाही.

१० ऑक्टोबर

दिवेवाल्याला कामावरून काढलं. पुरावा नाही, पण कोणाला तरी काढायला हवं होतं. गावी गेला तो पोराबाळांसकट. तीन पोरं.

झोप नाही. उर्स्युल विचारते, पोट बिघडलंय का?

१२ ऑक्टोबर, सोमवार

केरुआर साहेब पॅरिसला निघालेत. कपाटं रिकामी करतायत. मला बोलावून माझा अर्ज हातात ठेवला — सही, शिक्का, लाख, सगळं! 'राजवाड्याच्या फाटकावर तलवारी भाड्याने देण्याचा हक्क माक्लू ब्रिदू यास व त्याच्या पश्चात त्याच्या मुलास, एकोणतीस वर्षांत नियमात एकदाही कसूर न केल्याबद्दल.'

मी विचारलं, आणि मुलाचा दाखला?

"राहू दे दाखला," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझा हात हातात घेतला, जे याआधी कधी केलं नव्हतं. "ब्रिदू, या चार दिवसांत मी सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर नाही घेतला."

मी आभार मानले.

१३ ऑक्टोबर

फाटक मी उघडलं. पहाटे बाहेरून सिल्व्हँचा आवाज आला, "बाबा, फार भिजलोय." गाळ्यात आणून बसवलं, कोरडे मोजे दिले, ब्रँडी दिली. पोरगा रडला, मीही रडलो. तेवढ्यात कुलूप लावायचं राहिलं.